तो माया

आमच्या संग्रहालयात व्याख्यान ऐकायचं असेल तर कूलर बंद करावा लागतो आणि व्याख्यानाला बसायचं असेल तर तो चालू ठेवावा लागतो. उन्हाळ्यात दोन्ही एकदम जमत नाही. मी कार्यवाह झाल्यावर यावर एक पद्धत बसवली. सत्कार चालू असताना कूलर चालू, वक्ता बोलायला लागला की बंद, आणि पहिल्या रांगेतले अध्यक्ष निमंत्रणपत्रिकेने वारा घ्यायला लागले की पुन्हा चालू. त्यामुळे श्रोत्यांना प्रत्येक व्याख्यानाची सुरुवात आणि शेवट ऐकू येतो, मधलं येत नाही. तक्रार आजवर एकदाच आली, आणि ती कूलर फार वेळ बंद राहिल्याची होती.

नागपूरकर ज्याला नुसतं संग्रहालय म्हणतात ते हे नव्हे. ते मोठं. आमचं महाल भागातल्या एका गल्लीत, दोन मजल्यांचं, विश्वस्तांचं. गल्लीत कार शिरत नाही, म्हणून प्रमुख पाहुण्यांना कोपऱ्यावर उतरवून चालत आणावं लागतं. खालच्या मजल्यावर लोकजीवन दालन आहे: जातं, उखळ, तिफण, बैलांच्या घुंगुरमाळा. वरच्या मजल्यावर कलादालन आणि सभागृह. वर एसी लावायचा ठराव झालेला आहे, खाली पंखा लावायचा ठरावसुद्धा नाही. वर जातो तो रसिक आणि खाली रेंगाळतो तो शाळेच्या सहलीतला, असं आमच्याकडे धरून चालतात.

नोकरीत मी एका कॉलेजचा परीक्षा विभाग सांभाळते. तिथे इतकी वर्षं काढल्यावर रसिकांचं काही वाटत नाही. कार्यक्रमाची माझी यादी ठरलेली असते. समईत तेल, वात आधीच भिजवलेली, काडेपेट्या दोन, कारण प्रमुख पाहुण्यांच्या हातून पहिली काडी कधीच पेटत नाही. शाल, नारळ, संत्राबर्फीचा डबा. आलुबोंडे व्याख्यानानंतर. आधी दिले तर वक्त्यासमोर फक्त त्याचे नातेवाईक उरतात, आणि वक्ता बाहेरगावचा असेल तर तेही नाहीत. एक खुर्ची दाराजवळ, ज्या गृहस्थांना प्रश्न विचारायचा म्हणून स्वतःची हकिकत सांगायची असते त्यांच्यासाठी. तिथे माइकची वायर पोचत नाही.

यंदा मार्चमध्ये विदर्भातल्या हौशी चित्रकारांचं प्रदर्शन ठरलं. विश्वस्तांनी जाहीर केलं की प्रदर्शनातलं एक चित्र संग्रहालय कायमचं ठेवून घेईल. कोणतं ते ठरवायला नागपुरातला माणूस चालणार नव्हता, कारण त्याला सगळे ओळखतात. मग पुण्याहून एक कलासमीक्षक बोलवायचे, त्यांचं व्याख्यानही उरकायचं आणि निवडही, असं ठरलं.

ही बातमी माझ्या नवऱ्याच्या आत्याबाईंपर्यंत पोचली. कशी, ते मी विचारलं नाही. नवरा त्या आठवड्यात भांडी न सांगता घासत होता, त्यावरून मी काय ते समजले.

आत्याबाई सत्तरीच्या. सावनेरकडच्या एका गावात त्यांना दिलं होतं. कोळशाची खाण पुढे सरकत गेली, गाव उठलं, आणि घर, गोठा, अंगण सगळं त्या खाणीत गेलं. आता त्यांची सगळी गल्ली एका नव्या वसाहतीत राहते, सिमेंटच्या एकसारख्या घरांत. तिथे करमेना म्हणून आत्याबाईंनी चित्रं काढायला घेतली, आणि तेव्हापासून बाकीच्यांना करमेनासं झालं. त्या माणसाला धरून चित्रासमोर उभं करतात आणि कसं आहे विचारतात. चांगलं आहे म्हटलं की किती चांगलं ते विचारतात. माझ्या सासूबाई अशा वेळी चष्मा घरी विसरल्याचं सांगत. मी घड्याळ बघते.

त्यांना एकच गोष्ट हवी होती. आपलं चित्र संग्रहालयात लागावं, आणि कायमचं लागावं. फोनवर त्यांनी मला ते स्पष्ट सांगितलं. 'घर तं गेलं, सूनबाई. हे तरी अशा जागी लागू दे, जिथून कोनी उठवनार नाही.' वसाहतीतल्या बायकांना त्यांनी तोवर शब्दही देऊन टाकला होता की चित्र लागलं की गाडी करून सगळ्यांना दाखवायला नेते. निवड व्हायची होती, पण ते काम आत्याबाईंच्या लेखी किरकोळ होतं.

त्यांच्याविषयी एक गोष्ट आधीच सांगायला हवी. त्यांच्या तोंडात ळ नाही. आमच्याकडच्या पुष्कळ जुन्या माणसांच्या तोंडात नाही. त्याच्या जागी य येतो. पोळा म्हणजे पोया, केळं म्हणजे केयं, डोळा म्हणजे डोया. लिहिताना मात्र त्या ळ लिहितात, आणि चौथीच्या गुरुजींनी गिरवून घेतला तसा लिहितात, दोन्ही वाटोळे अगदी सारखे. जिभेवर तेवढा तो चढत नाही.

आता, चित्रांच्या नावांची यादी करायचं काम आमच्या क्युरेटरबाईंचं. त्या रामदासपेठेत राहतात, शिकल्या मुंबईला. त्यांनी सगळ्या चित्रकारांना फोन करून नावं विचारली आणि छापील यादी माझ्याकडे पाठवली. आत्याबाईंच्या नावापुढे लिहिलं होतं 'माया'. मी ते कागदावर वाचलं. कानाने ऐकलं असतं तर जागच्या जागी उमगलं असतं. वाचलं म्हणून मला वाटलं, आत्याबाई अध्यात्माकडे वळल्या. त्या वयात वळतात. मी पुढे खुर्च्यांच्या हिशोबाला लागले. क्युरेटरबाई जाता जाता एवढंच म्हणाल्या होत्या की तुमच्या आत्याबाईंचं लिंगाचं व्याकरण जरा कच्चं आहे. मी म्हटलं, असू दे, चित्रात क्रियापद लागत नाही.

चित्र मी उद्घाटनाच्या दिवशीच पाहिलं. कपाटाच्या जुन्या प्लायवर काढलेलं, चांगलं हातभर उंच. सगळं तपकिरी आणि काळपट. अंधारात एकमेकांवर रेललेले काही गोल, काही लांबुळके आकार, आणि वरून तिरकी उतरलेली उजेडाची एक पिवळी पट्टी. डोळे जरा सरावले की आकार ओळखू यायला लागत. पण आमच्या कलादालनात डोळे सरावेपर्यंत कोणी थांबत नाही. तिथे आधी खालची पाटी वाचतात, मग दोन पावलं मागे जाऊन 'हं' म्हणतात. पाटीवर 'माया' होतं. त्यामुळे 'हं' जरा लांबत होता.

समीक्षक आले, घामाघूम झाले, पाणी प्याले. दिसायला बरे होते, खादीचा झब्बा, खांद्याला शबनम. बाकीच्या चित्रांपुढून ते झपाझप गेले. संत्र्याची बाग, तलावातली कमळं, पुन्हा संत्र्याची बाग. आत्याबाईंच्या चित्रासमोर मात्र थबकले. मी नारळ हातात घेऊन मागेच उभी होते, त्यामुळे पुढचं सगळं मी स्वतः ऐकलं.

'माया तुम्हाला पहिल्यांदा केव्हा भेटली?' त्यांनी आत्याबाईंना विचारलं.

'भेटते काय? लग्न होऊन आली तं दुसऱ्याच दिवशी सासूनं वर चढवलं.'

समीक्षकांनी डोळे मिटले आणि उघडले. 'म्हणजे हा सासूकडून सुनेला मिळालेला वारसा.'

'वारसा कायचा. तिचंच सगयं भरून होतं. मले हात लावू देत नव्हती.'

'भीती वाटायची?'

'वाटे ना. अंधार राहे. अन् इच्चू निघे.'

'आणि आज? आज माया उरली आहे?'

'आता कुठचा माया, सर. खानीत गेला.'

समीक्षकांनी शबनममधून पेन काढलं. 'गेला, म्हणालात तुम्ही.'

'गेला म्हनजे पाडला. माह्या डोयासमोर.'

'तुम्ही मायेला पुल्लिंगी करता आहात.'

'मी काहून करू? तो आहेच.'

तिथे मला उमगलं. वर चढवलं, अंधार, विंचू, पाडला. माळा. घराचा माळा, शिडी लावून चढायचा. मी पुन्हा चित्राकडे पाहिलं आणि ते सगळे गोल आणि लांबुळके आकार आपापल्या जागी बसले. पाळणा होता. बैलाची झूल घडी करून ठेवलेली होती. पितळी गंगाळ उपडं घातलेलं, बाशिंगाची पेटी, मोडका रेडिओ, कणसांची डाली. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत मी स्वतः त्या माळ्यावर चढून कंदील काढला होता. उजेडाची ती पट्टी म्हणजे छपराचं फुटलेलं कवेलू. दर पावसाळ्याआधी आत्याबाई यजमानांना ते बदला म्हणायच्या, आणि दर पावसाळ्यात खाली बादली ठेवायच्या.

समीक्षक तोवर मंचाकडे निघाले होते. मी आत्याबाईंना खांबाआड घेतलं आणि सांगितलं की यांचा काहीतरी वेगळाच समज झाला आहे.

त्यांचं म्हणणं पडलं, तारीफच करून राहिले ना. मग होऊ दे समज.

आता मी व्यवहारी बाई आहे. निवडीची बैठक व्याख्यान संपल्यावर होती आणि समीक्षकांचा कल कुठे आहे ते आंधळ्यालाही दिसत होतं. मी आत्याबाईंना बजावलं, ते काहीही बोलोत, मान हलवायची. कोणी काही विचारलंच तर हसायचं. बैठक होऊन सही झाली की मी सगळं सरळ करीन. त्यांनी ऐकलं. एवढ्या पटकन त्या माझं काही ऐकतात, तेव्हा मी खरं तर सावध व्हायला हवं होतं.

समई दुसऱ्या काडीला पेटली. शाली झाल्या. समीक्षकांनी बाकी प्रदर्शनाला दोन वाक्यं दिली आणि ते मायेवर आले. कूलर बंद होता, म्हणून सुरुवात नीट ऐकू आली. हे चित्र म्हणजे विदर्भाच्या मातीने उपनिषदाला दिलेलं उत्तर आहे. परंपरेने मायेला बाई ठरवलं, मोहात पाडणारी म्हणून हिणवलं. ही सत्तरीची स्त्री उठते आणि म्हणते, तो माया. केवढं हे बंड. पहिल्या रांगेतल्या बंडखोर आत्याबाईंनी पदर सारखा केला आणि मागे वळून सगळ्यांकडे पाहिलं. मग अध्यक्ष वारा घ्यायला लागले, कूलर चालू झाला आणि नंतरचा बराच वेळ समीक्षकांचे फक्त हात दिसत होते. एक हात वर, म्हणजे ब्रह्म असावं. दोन्ही हात खाली, म्हणजे बाजारपेठ.

शेवटाकडे आल्याची खूण म्हणून त्यांनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. मी कूलर बंद करायला लावला. तो घरघरत थांबला आणि समीक्षकांचा आवाज एकदम स्वच्छ झाला. ते सांगत होते की या चित्राची खरी ताकद त्याच्या रितेपणात आहे. आपल्याला वाटतं, इथे पाळणा असेल. वाटतं, भांडं असेल. पण ते आपल्या मनाचे खेळ. 'या चित्रात,' ते म्हणाले, 'काहीच नाही. एकही वस्तू नाही.'

मी आत्याबाईंकडे पाहिलं. मान हलायची थांबली होती.

टाळ्या झाल्या. प्रश्नोत्तरं सुरू झाली. दाराजवळच्या गृहस्थांनी त्यांची कला महाविद्यालयातली प्रवेशपरीक्षा कशी हुकली ते सांगितलं, ते कोणालाच ऐकू आलं नाही. मग आत्याबाई उभ्या राहिल्या. त्यांना माइक लागत नाही. शेताच्या या धुऱ्यावरून त्या धुऱ्यावर बोललेला आवाज आहे तो.

'सर, बाकी तुम्ही चांगलं बोलले. पन काहीच नाही असं काहून म्हनता? पायना आहे ना त्यात. आमच्या गल्लीतलं एकेक लेकरू झोपलं त्यात. ज्याच्या घरी बायंतीन, त्यानं न्यायचा अन् मंग परत माह्या घरी आनून ठेवायचा. गंगाय आहे. झूल आहे. अन् ती माया नाही. तो माया आहे.'

'अगदी,' समीक्षक म्हणाले. 'तो माया. हेच मी मघापासून सांगतो आहे.'

'तुमचा तो वेगया. हा आपला माया.'

'आपला.' त्यांनी लिहून घेतलं. 'वा.'

'घरचा माया, सर. वरचा.'

'घरातला आणि तरी वरचा,' समीक्षक सभागृहाला म्हणाले. सभागृहाने टाळ्या वाजवल्या. आत्याबाई जितकं दुरुस्त करत होत्या तितके हे खोल जात होते. अजून दोन वाक्यं झाली असती तर मोक्षच आला असता. आत्याबाईंनी कंबरेवर हात ठेवले आणि मला शोधलं. 'सूनबाई, तू सांग वं ह्यायले.'

मी उठून त्यांच्याजवळ गेले. हळूच म्हटलं की हे सांगितलं तर चित्र हातचं जाईल, थोडं थांबा, बैठक होऊ द्या. त्या म्हणाल्या, 'तो म्हनते काहीच नाही त्यात. मी बाया घेऊन येईन अन् त्यायले काय दाखवू? सांग.'

मी माइक घेतला. परीक्षेत प्रश्नपत्रिकेतली छपाईची चूक वर्गात जाऊन सांगतात, त्याच आवाजात सांगितलं. 'नावात एक दुरुस्ती आहे. य नाही, ळ. बाळातला ळ. चित्राचं नाव माळा. घराचा माळा, सामान ठेवायचा.'

कूलर बंद असल्याचं पहिल्यांदाच सगळ्यांना वाईट वाटलं असावं. इतकी शांतता त्या सभागृहाला झेपत नाही. मागे कोणीतरी हसू दाबलं, त्याला ठसका लागला. क्युरेटरबाई यादीकडे पाहत होत्या, जणू यादीनेच फसवलं. समीक्षकांनी पाणी घेतलं, ग्लास सावकाश खाली ठेवला आणि म्हणाले की तसं असेल तर या चित्राचा विचार वेगळ्या परंपरेत करावा लागेल. घड्याळ उचलून त्यांनी मनगटाला बांधलं. मी आलुबोंडे आत आणायला सांगितले. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

बैठक कार्यालयात झाली. अध्यक्ष निवृत्त अभियंते आहेत, पुलांवर आयुष्य गेलेलं, तेव्हा त्यांना कोणत्याही गोष्टीचे दोन काठ लगेच दिसतात. ते म्हणाले, 'मायेला आपण कलादालनात घेणार होतो. माळा कसा घेणार?'

मी विचारलं, मधल्या वेळात चित्रात काही फरक पडला आहे का. समीक्षकांनी मला समजावून दिलं की चित्र तेच आहे, पण मघाशी ते अमूर्त होतं, आता ते घरगुती झालं आहे. मघाशी चित्रकर्तीने वस्तू नाकारल्या होत्या. आता तिने त्या नुसत्या काढल्या आहेत. मी म्हटलं, म्हणजे काढता आल्या हा दोष. त्यावर क्युरेटरबाईंनी चहा मागवला.

शेवटी तोड निघाली. चित्र घ्यायचं, यावर सगळ्यांचं एकमत होतं, कारण समीक्षकांची स्तुती व्याख्यानाला आलेल्या वार्ताहराने लिहून घेतली होती आणि ती परत घेता येत नव्हती. नाव 'माया' ठेवायला चित्रकर्तीची हरकत नसेल तर वर, कलादालनात. 'माळा'च म्हणायचं असेल तर खाली, लोकजीवन दालनात, जात्याशेजारी. पाटी छापून तयार आहे, याकडे क्युरेटरबाईंनी लक्ष वेधलं. मी बाहेर जाऊन विचारून येते म्हणाले.

आत्याबाई जिन्यावर बसून आलुबोंडा खात होत्या. मी दोन्ही पर्याय सांगितले. वर काय आहे, त्यांनी विचारलं. म्हटलं, संत्र्याची बाग, कमळं, थोर लोक येतात, पुढेमागे एसी लागेल. अन् खाली? जातं, उखळ, तिफण, शाळेची पोरं. पंखा नाही.

त्यांनी कागदाला बोटं पुसली. 'पाटीचं काही नाही मले. आमच्या बाया 'माया' वाचतीन तरी बराबरच वाचतीन.' आणि स्वतःच हसल्या. मग वाकून खाली पाहिलं. जिन्यातून खालचं दालन दिसत होतं. 'पन वर लागलं तं लोकायले सांगत राहतीन, यात काहीच नाही म्हनून. रोज. मी तिथं थोडीच उभी राहीन सांगाले. खाली लाव. तिथं जातं आहे म्हनतं ना, मंग बाजूच्या पायन्याले कोनी खोटं म्हननार नाही.'

मी आत जाऊन 'खाली' असं सांगितलं. सगळ्यांच्या चेहऱ्यावर सुटकेचा भाव आला आणि समीक्षकांना संत्राबर्फीचा डबा देऊन कोपऱ्यापर्यंत चालत पोचवण्यात आलं.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण पाटी नवी करायची होती. आमच्या पाट्या जिथे होतात त्या दुकानातला ऑपरेटर हिंदी कामं करतो. त्याच्या बोटांना ळ कुठे असतो ते ठाऊक नव्हतं आणि शोधायला वेळ नव्हता. पाटी आली ती 'माला'. मी ती परत पाठवा म्हटलं. क्युरेटरबाई म्हणाल्या, नावात आता हा दुसरा बदल होईल, त्याला बैठकीची मंजुरी लागेल, आणि बैठक उन्हाळ्यानंतर. तोवर स्क्रूने पाटी बसली सुद्धा. मायेची माला झाली. ळ मात्र कोणालाच परवडला नाही.

एप्रिलमध्ये आत्याबाई वसाहतीतल्या बायकांना घेऊन आल्या. कोपऱ्यावर गाडीतून उतरून रांगेने गल्लीतून आल्या, डोक्यावर पदर, हातात पाण्याच्या बाटल्या. जात्याकडे, उखळाकडे त्यांनी पाहिलंही नाही, ते घरचंच. सरळ चित्रासमोर. डोळे सरावत होते. मग एकीने पाळणा ओळखला आणि त्याच्या दांडीवर बोट ठेवलं. रखवालदार म्हणाला, हात नका लावू. ती म्हणाली की माझा पोरगा आहे त्यात, आणि बोट तिथेच ठेवलं. दुसरीने झूल कोणाच्या बैलाची ते सांगितलं. गंगाळ नेमकं कोणाचं यावरून दोघींत जुंपली. एकीचं म्हणणं होतं की ते तिच्या सासूकडून लग्नात मागून नेलेलं आणि कधी परत न केलेलं, आणि आत्याबाईंनी ते चित्रात स्वतःच्या माळ्यावर दाखवून आज कबुलीच दिली आहे. आत्याबाईंनी ते ऐकू आलं नाही असं दाखवलं.

तेवढ्यात त्यांच्यातल्या एका शिकलेल्या सुनेने पाटी वाचली. 'माला.' सगळ्या थांबल्या. माला कोण, एकीने विचारलं. गल्लीत माला नावाची कोणी नव्हती. कोणाची तरी भाची असेल, आत्याबाईंनी चित्र तिच्या नावाने केलं असेल, असं ठरायला लागलं. दुसरी चित्रात हार शोधायला लागली. 'आपला माया म्हनून आनलं अन् हे कोन्या मालाचं निघालं,' गंगाळवाली म्हणाली. तिने हे मुद्दाम मोठ्याने म्हटलं.

आत्याबाईंचा चेहरा मी इतक्या वर्षांत असा पाहिला नव्हता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, पाटीकडेही नाही. पिशवीत हात घातला आणि बारीक ब्रश आणि पांढऱ्या रंगाची बाटली बाहेर काढली. बाटली बरोबर आणली होती, म्हणजे मला वाटतं, आमच्या संग्रहालयाचा त्यांना एव्हाना अंदाज आला होता.

क्युरेटरबाई धावत आल्या. त्यांनी मला नियम सांगितला, आणि नियम त्यांचा बरोबर होता. चित्र आता संग्रहातली वस्तू आहे. संग्रहातल्या वस्तूत फेरफार करता येत नाही, तो चित्रकाराने केला तरी. मला नियम माहीत होता. त्याचा मसुदा माझाच आहे.

मी म्हटलं, ते बघू, पण आधी वर चला, कूलरचं पाणी कमळांच्या चित्राकडे वाहतंय. हे खोटं नव्हतं. कूलरचं पाणी नेहमीच कमळांच्या चित्राकडे वाहतं. आम्ही वर गेलो, खाली फडकं लावलं, प्लगची वायर तपासली, मी टाकी किती भरायची यावर क्युरेटरबाईंशी जरा सविस्तर बोलले, आणि मग खाली आलो.

चित्राच्या खालच्या कोपऱ्यात, गंगाळाच्या बाजूला, पांढरी अक्षरं ओली होती. ळचे दोन्ही वाटोळे सारखे, शाळेच्या पाटीवर असावेत तसे. क्युरेटरबाई वाकून ती अक्षरं पाहू लागल्या. बायका माझ्याकडे पाहत होत्या.

'वाच,' आत्याबाई म्हणाल्या.

मी वाचलं, 'माळा.'

'हां,' त्या बायकांकडे वळून म्हणाल्या. 'माया.'